‘शून्य सेकंद मागे’ म्हणजे नक्की काय?

परदेशात राहणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. ॲपमधून पैसे भरले, हिरवा टिकमार्क आला, आणि लगेच बॅलन्स बघितला तर आकडा जुनाच. दोन मिनिटांनी परत बघितलं की सगळं बरोबर. याची कारणं बरीच असू शकतात, पण त्यातलं एक कारण माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. तुम्ही लिहिलंत एका सर्व्हरवर, वाचलंत दुसऱ्या सर्व्हरवरून, आणि दुसरा सर्व्हर तेव्हा पहिल्याच्या थोडा मागे होता.

मी डब्लिनमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, तिथेच काही वर्षं नोकरी केली आणि मग बायकोसोबत इकडे आलो. आमची टीम डेटाबेसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. अर्धी टीम इथे, अर्धी पुण्यात. मागच्या वर्षी आमच्यात एक वाद बरेच आठवडे चालला. हा दुसरा सर्व्हर किती मागे आहे, ही माहिती ग्राहकाला किती आणि कशी दाखवायची? जास्त मोजमाप केलं तर डेटाबेसवर भार येतो. कमी केलं तर बघणाऱ्याला काही उमगत नाही. म्हणजे परफॉर्मन्स की वापरायला सोपं, असा तो वाद.

या सदराच्या वाचकांत आयटीतली मंडळी भरपूर आहेत, म्हणून लिहावंसं वाटलं. आणि ज्यांची मुलगी किंवा जावई जेवणाच्या ताटावरून उठून लॅपटॉप उघडतात, त्या आईवडिलांनाही कळावं की ही पोरं त्या स्क्रीनवर एवढं काय बघत असतात.

काकांच्या टेबलावरची पत्रं

रेप्लिकेशन म्हणजे एका डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर सतत चालू ठेवणं. मूळ सर्व्हरवर झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद एका लॉगमध्ये होते. ती नोंद नेटवर्कवरून प्रतीकडे, म्हणजे रेप्लिकाकडे जाते, आणि रेप्लिका तोच बदल स्वतःकडे करते. पूर्वी या जोडीला मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. मायएसक्यूएलने २०२० पासून आपल्या कमांडमध्ये सोर्स आणि रेप्लिका हे शब्द आणायला सुरुवात केली.

समजायला जुन्या काळातलं उदाहरण घेऊ. एक काका साठच्या दशकात लंडनला गेलेत. सांगलीहून काकू नेमाने पत्रं लिहितात. पत्रं टपालाने येतात, काकांच्या टेबलावर साठतात, आणि काका सवड मिळेल तशी एकेक वाचतात. घरची बातमी काकांना कळायला जो उशीर होतो, त्याचे दोन भाग आहेत. एक, टपालाला लागलेला वेळ. दुसरा, पत्र टेबलावर पडून राहिलेला वेळ. रेप्लिकाचं अगदी असंच असतं. एक थ्रेड नोंदी आणून ठेवतो, दुसरा त्या वाचून लागू करतो.

आता काकांना विचारलं, “घरच्या बातम्यांत तुम्ही किती मागे आहात?” हातातल्या पत्रावरची तारीख बघून काका म्हणतात, “बारा दिवस.” ठीक आहे. पण टपालवाल्यांचा संप झाला तर? नवीन पत्र येत नाही, टेबलावरचा ढीग संपतो, आणि काका खुशाल सांगतात, “एकही पत्र वाचायचं राहिलेलं नाही. मी एकदम अप-टू-डेट!”

मायएसक्यूएलमध्ये पूर्वी ‘सेकंड्स बिहाइंड मास्टर’ या नावाने ओळखला जाणारा एक प्रसिद्ध आकडा आहे. तो या काकांसारखंच उत्तर देतो. आलेल्या नोंदी वाचण्यात आपण किती मागे आहोत, एवढंच त्याला कळतं. जे अजून आलेलंच नाही, त्याचा त्याला पत्ता नसतो. नेटवर्क मंद असेल तर रेप्लिका बरीच मागे असूनही हा आकडा शून्य दाखवू शकतो, हे मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे. तरी जगभर लोक हाच आकडा बघतात. कारण एक कमांड दिली की एक आकडा मिळतो, सर्व्हरवर भार जवळजवळ नाही, आणि नाव वाचूनच अर्थ कळल्यासारखा वाटतो.

पहाटे चारचा मेसेज

नोव्हेंबरातली एक रात्र. डब्लिनमध्ये साडेदहा वाजलेले, म्हणजे पुण्यात पहाटेचे चार. पुण्याच्या टीममधली एक ज्युनिअर मुलगी ऑन-कॉल होती. एका ग्राहकाच्या मुख्य सर्व्हरची डिस्क कुरकुर करायला लागली होती आणि ग्राहकाचे लोक फोनवर घाई करत होते. अशा वेळी उपाय एकच, रेप्लिकाला प्रमोट करायचं, म्हणजे तिलाच मुख्य सर्व्हर बनवायचं. तिचा मेसेज आला, “दादा, लॅग झिरो दिसतोय. प्रमोट करू का?”

मी म्हटलं, थांब, पाच-सहा वेळा रिफ्रेश कर आणि आकडे सांग. शून्य. शून्य. एकदम सहाशे चाळीस. परत शून्य. दोन डेटा सेंटरांमधली लिंक मंदावली होती. नोंदी थेंबथेंब येत होत्या. एखादी आली की ती वाचताना आकडा उडी मारायचा, वाचून झाली की पुन्हा शून्य. सुदैवाने त्या ग्राहकाकडे एक जुनी सोय होती. मुख्य सर्व्हरवर दर सेकंदाला एका छोट्या टेबलात ‘आत्ता किती वाजले’ एवढंच लिहिलं जायचं. रेप्लिकावर ती वेळ बघितली तर जवळपास अकरा मिनिटांपूर्वीची. तेव्हा प्रमोट केलं असतं तर अकरा मिनिटांतल्या ऑर्डरी नव्या मुख्य सर्व्हरवर नसत्याच. आम्ही लिंक सुधारेपर्यंत थांबलो, रेप्लिका बरोबरीला आली, मग बदल केला.

त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. स्क्रीनवर जे लिहिलं होतं, तेच तिने वाचलं होतं. आमच्या टीममधल्या वादाला खरी धार आली ती या रात्रीनंतर.

घड्याळ कोणाचं?

दर सेकंदाला वेळ लिहिण्याच्या युक्तीला हार्टबीट म्हणतात. पर्कोना टूलकिटमधलं ‘पीटी-हार्टबीट’ हेच काम करतं. काकूंनी रोज न चुकता एक पोस्टकार्ड टाकावं, ‘आज अमुक तारीख’, तसं हे. शेवटचं पोस्टकार्ड जुनं असेल तर टपाल तुंबलंय की काका वाचत नाहीयेत हे कळत नाही, पण एकूण उशीर किती ते नक्की कळतं. खर्च म्हणाल तर सेकंदाला एक छोटी नोंद.

पण यात एक मेख आहे. तारीख लिहिणारं घड्याळ एकाचं आणि वाचणारं दुसऱ्याचं. आयर्लंडमध्ये राहून हा मुद्दा चांगला पटतो. १८८० च्या कायद्याने इथे डब्लिनची स्वतःची वेळ ठरली होती. ती डन्सिंक वेधशाळेची, ग्रिनिचच्या २५ मिनिटं २१ सेकंद मागे. १ ऑक्टोबर १९१६ ला ती बंद झाली आणि आयर्लंड ग्रिनिच वेळेवर आलं. आपल्या मुंबईचंही तसंच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होती.

फरक असा ठरलेला असला की वजा करता येतो. मायएसक्यूएलचा तो जुना आकडा हेच करतो. जोडणी सुरू होताना दोन सर्व्हरच्या घड्याळांतला फरक एकदा मोजतो आणि पुढे तो तेवढाच राहील असं धरून चालतो. मधेच एखादं घड्याळ सरकलं की हिशेब बिघडतो.

पोस्टग्रेसने ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत वेगळी वाट धरली. मूळ सर्व्हर लॉगमधल्या जागा आणि तेव्हाची वेळ स्वतःकडे टिपून ठेवतो. तिथपर्यंत पोचल्याची पावती रेप्लिकाकडून आली की तो आपल्याच घड्याळात बघून उशीर काढतो. दोन घड्याळांची भानगडच नाही. शिवाय नोंद लिहायला, डिस्कवर पक्की व्हायला आणि लागू व्हायला लागलेला वेळ असे तीन वेगळे आकडे मिळतात. हे टिपण ८,१९२ नोंदींच्या ठरलेल्या जागेत होतं. जागा भरली तर मोजमाप थोडं ढोबळ होतं, पण मेमरी वाढत नाही. थोडी अचूकता सोडली आणि परफॉर्मन्स राखला.

आणि सगळं शांत असेल, नवीन काही लिहिलंच जात नसेल तर? तेव्हा पोस्टग्रेस शेवटचा आकडा थोडा वेळ दाखवतं आणि मग ती जागा रिकामी सोडते. त्या रिकाम्या जागेला शून्य म्हणायचं, ‘माहिती नाही’ म्हणायचं, की जुनाच आकडा दाखवत राहायचं, हे स्क्रीन बनवणाऱ्याने ठरवावं असं त्यांचं डॉक्युमेंटेशन सांगतं. म्हणजे हा प्रश्न शेवटी आमच्यासारख्यांच्या गळ्यात येतो.

सात बाइटचा हिशेब

परफॉर्मन्सवाल्यांची बाजूही हलक्यात घेण्यासारखी नाही. आमच्या टीममधला एक आयरिश सहकारी वीस वर्षं डेटाबेसमध्ये मुरलेला आहे. त्याचं म्हणणं, नाडी बघणाऱ्यानेच पेशंटला दमवू नये. त्याने जुना किस्सा सांगितला. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये रेप्लिकेशन थांबवायची कमांड अडकली की स्थिती विचारणारी कमांडही तिच्यामागे अडकायची. म्हणजे गडबड असताना ‘काय झालं’ हे विचारायचीच सोय नाही. दर सेकंदाला विचारणारं मॉनिटरिंग असेल तर अशा अडकलेल्या कमांडची रांगच लागणार. पर्कोना सर्व्हरने म्हणून लॉकसाठी न थांबता उत्तर देणारी वेगळी कमांड काढली, आणि पुढे मायएसक्यूएलनेही ती अडचण दूर केली.

दुसरं उदाहरण सात बाइटचं. एप्रिल २०१८ मध्ये पक्क्या झालेल्या मायएसक्यूएल ८.० मध्ये प्रत्येक व्यवहारासोबत तो मूळ सर्व्हरवर कधी पूर्ण झाला, ती वेळ मायक्रोसेकंदात जाते. पत्रावर तारखेसोबत टपालाचा शिक्काही मारण्यासारखं. नोंद मधल्या सर्व्हरमार्फत आली असेल तर मूळची वेळ आणि मधल्याची वेळ अशा दोन्ही असतात. या एका वेळेला जागा लागते सात बाइट. दोन्ही वेळा सारख्याच असतील तर दुसरी लिहीतच नाहीत, तेवढेच सात बाइट वाचवतात.

सात बाइट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. सेकंदाला दहा हजार व्यवहार होत असतील तर दिवसाचे सुमारे सहा जीबी होतात. पण एका व्यवहाराची नोंद साधारण एक हजार बाइटची धरली तर मूळ लॉगच दिवसाला ८६४ जीबीचा असतो. म्हणजे वाढ पाऊण टक्क्याहूनही कमी. त्या बदल्यात कुठल्या टप्प्यावर उशीर होतोय ते नेमकं कळतं.

पाऊण टक्क्यावरून भांडण कशाला, असं पुण्यात बसून मी म्हणालो असतो. आयर्लंडमध्ये तसं म्हणता येत नाही. इथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये देशातल्या मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटर्सनी वापरली. शहरी घरांचा वाटा त्याहून कमी, १८ टक्के होता. ग्रेंज कॅसलच्या बाजूने गाडीने गेलात तर खिडक्या नसलेल्या लांबच लांब इमारती दिसतात, त्यातच ही सगळी मशीन्स. विजेच्या बिलाची चर्चा इथे पबमध्येही होते. तेव्हा ‘थोडासाच भार’ लाखो सर्व्हरवर किती होतो, हा आयरिश सहकाऱ्याचा प्रश्न रास्तच होता.

न दिसणाऱ्या एका ओळीची किंमत

मग मी पलीकडच्या पारड्यात काय टाकलं? गिटलॅबची गोष्ट. ती त्यांनी स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली आहे, म्हणून नावानिशी सांगतो.

३१ जानेवारी २०१७. वाढलेल्या लोडमुळे त्यांची रेप्लिका इतकी मागे पडली की तिला हव्या असलेल्या नोंदी मुख्य सर्व्हरवरून पुसल्या गेल्या होत्या. ती नव्याने भरणं भाग होतं. त्यासाठीचं पोस्टग्रेसचं ‘पीजी-बेसबॅकअप’ हे टूल सुरू केलं, पण स्क्रीनवर काहीच येईना. खरं तर ते मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला सुरुवात करेल म्हणून मुकाट्याने वाट बघत होतं. रात्री उशिरापर्यंत झुंजणाऱ्या इंजिनिअरला वाटलं, रेप्लिकावरचं जुनं डेटा फोल्डर आड येतंय. त्याने ते उडवलं. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता.

बॅकअप बघितले तर रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तो फेल झाल्याच्या ई-मेल कोणापर्यंत पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. तरी सुमारे पाच हजार प्रोजेक्ट, पाच हजार कॉमेंट आणि सातशे नवीन युजर अकाउंट यांवर परिणाम झाला.

आता हिशेब करा. ‘मी थांबलोय, समोरून डेटा येण्याची वाट बघतोय’ ही एक ओळ छापायला किती परफॉर्मन्स खर्च झाला असता? शून्य. आज तेच टूल सविस्तर माहिती मागितली तर चेकपॉइंटची वाट बघत असल्याचं सांगतं.

मीटिंगमध्ये मी एवढंच म्हटलं की आपली तुलनाच एकतर्फी आहे. परफॉर्मन्सचा खर्च बेंचमार्कमध्ये दिसतो, त्याचा आलेख काढता येतो, म्हणून वादात तो जिंकतो. गोंधळाचा खर्च कुठल्याच आलेखात नसतो. तो पहाटे चारला जागी असलेल्या एका माणसाच्या डोक्यात होतो, आणि काही बिघडलं तर रिपोर्टमध्ये ‘मानवी चूक’ म्हणून त्याच्याच नावावर लिहिला जातो. बरं, ती पहाटेची शिफ्ट कोणाच्या वाट्याला येते? डिझाइन मीटिंगमध्ये बसणाऱ्यांच्या क्वचितच. बहुतेक वेळा ती पुणे, हैदराबाद, बंगळुरूतल्या पोरापोरींच्या वाट्याला येते. एकेकाळी मीही त्यातलाच होतो.

आम्ही काय ठरवलं

शेवटी दोन्ही बाजू एका गोष्टीवर आल्या. ‘किती मोजायचं’ आणि ‘कसं दाखवायचं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आम्ही ते एकत्र करून भांडत होतो.

मोजण्याच्या बाबतीत आयरिश सहकाऱ्याचं ऐकलं. कायम चालू राहील ते फक्त हार्टबीट आणि डेटाबेसकडे आधीच तयार असलेले आकडे. प्रत्येक थ्रेडचा, प्रत्येक व्यवहाराचा तपशील फक्त कोणी ते पान उघडलं तर गोळा करायचा, आणि पंधरा मिनिटांनी आपोआप बंद. डेटाबेसकडून ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर पुन्हा पुन्हा विचारायचं नाही.

दाखवण्याच्या बाबतीत आमचं ऐकलं. पहिली गोष्ट, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिहायचं, तिथे शून्य कधीही दाखवायचं नाही. दुसरी, आकड्याच्या आधी एक साधं वाक्य. ‘नोंदी येत नाहीत’ किंवा ‘नोंदी येतात, पण लागू व्हायला उशीर होतोय’. काकांच्या भाषेत, टपाल अडलंय की वाचन अडलंय, ते आधी सांगायचं. मायएसक्यूएलने २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून ही माहिती वेगवेगळ्या टेबलांत दिली आहे, जोडणीची वेगळी आणि लागू करण्याची वेगळी. उत्तम सोय आहे. पण झोपेतून उठलेल्या माणसाला तीन टेबलं जोडणारी क्वेरी लिहायला लावण्यापेक्षा ते काम आम्ही एकदाच करून ठेवलेलं बरं. तिसरी, प्रत्येक आकड्याखाली तो किती सेकंदांपूर्वी मोजला ते लिहायचं. आणि चौथी, प्रमोट करायच्या बटणाशेजारी ‘आत्ता केलंत तर अंदाजे इतक्या मिनिटांचा डेटा जाईल’ हे लिहायचं. या चार गोष्टींनी डेटाबेसवर मोजण्याइतकाही भार वाढला नाही.

नवीन स्क्रीन यंदा मार्चमध्ये ग्राहकांकडे गेली. त्याआधी आम्ही ती पुण्याच्या ऑन-कॉल टीमकडून तपासून घेतली, आणि मुद्दाम त्यांच्या रात्रपाळीतच. नोव्हेंबरातल्या त्या मुलीने फक्त एक सुधारणा सुचवली. “दादा, स्क्रीन छान आहे, पण मला उठवतो तो फोनवरचा अलर्ट. त्यात अजून नुसता आकडाच येतो. हेच वाक्य तिथे टाकाल का?”

आयरिश सहकाऱ्याने विचारलं, “याचा परफॉर्मन्सवर परिणाम काय?” सगळे हसले. त्या अलर्टचं काम सध्या माझ्याकडेच आहे, पुढच्या आवृत्तीत जाईल.